सगुणाबाईनं घातलेले वाटे

कारखान्यांच्या सांडपाण्यानं कित्येक वर्षं काळं पडलेलं गावतळं एकदाचं साफ झालं, आणि काठची जमीन भाजीपाल्यासाठी घरोघर वाटायचं ठरलं. शेजारच्या चिखलोली गावाच्या बाजूला टॉवर उभे राहत होते, पण सगुणाबाईचा जीव अडकला होता तळ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात. नवी नवरी असताना तिनं तिथं वांगी लावली होती.

तळ्यातली मासळी वाटायची जुनी रीत होती, तीच धरली. वाटे घालणाऱ्यानं आपला वाटा शेवटी उचलायचा, म्हणजे लबाडी नको. वाटे घालायचा मान सगुणाबाईनं आपणहून मागितला तेव्हाच वाटप समितीच्या हिरामणला संशय यायला हवा होता. तो बिचारा खूश झाला.

बाईनं खालची वस्ती सोडून बाकी घरं मोजली, तेवढ्याच वाट्यांच्या चुन्याच्या रेघा मारल्या आणि लाडक्या कोपऱ्यात गुपचूप फुटक्या विटा नि काटेकुटे नेऊन टाकले. लोकांनी नाकं मुरडून बाकीचे वाटे पटापट उचलले. कोपरा तेवढा उरला. सगुणाबाईनं चेहऱ्यावर मोठा त्याग आणला.

"ऱ्हाऊं द्या, मीच घेते ह्यो."

"थांबा काकी," खालच्या वस्तीतली चांगुणा पुढे आली. "मी कुठं उचललाय अजून?"

"तुमची जमीन कवा व्हती गो इथं?"

"जमीन नव्हती. पण तळं फुगलं की काळं पाणी कोणाच्या घरात शिरायचं? आईचे पाय सडले त्यात. तुम्ही शेवटी उचलायचं ना? मग हा माझा."

सगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ते पाय तिनं पाहिले होते. लावायला हळदसुद्धा दिली होती, कुंपणावरून. घरात पाऊल कधी टाकलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. तिनं पायानं रेघ पुसली.

"पुसा सगलं! खालच्या वस्तीची घरं धरून परत घालायचं."

ज्यांना वाटे मिळाले होते ते ओरडू लागले.

"वरडू नका! कोपऱ्यात कचरा मीच टाकलाय," ती त्यांच्यावर खेकसली, आणि चुन्याचा डबा तिनं चांगुणाच्या हातात कोंबला. "तू घाल. आता शेवटी उचलायची पाली तुजी."

चांगुणानं अरुंद पट्ट्या आखल्या, प्रत्येक पट्टी पाण्याला भिडणारी. लाडक्या कोपऱ्याच्या दोन पट्ट्या झाल्या. सगुणाबाईनं त्यातली एक उचलली. मग शेजारच्या पट्टीत कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि सगळ्यांचं उचलून होऊन चांगुणाची पाळी येईपर्यंत तिथून हलली नाही. तिकडे बोट दाखवायची कोणाची छाती झाली नाही.