ठमीच्या मुठीतलं बटण

ठमीच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तिच्या मुठीत एक बटण आलं. दुखलं की दाबायचं, मग यंत्र सलाइनच्या नळीतून थोडं औषध सोडतं. सिस्टरनी मला दोनदा बजावलं होतं, बटण तिचं तिनंच दाबायचं. गुंगी आली की मूल आपोआप दाबायचं थांबतं, म्हणजे जास्त औषध जात नाही, तीच त्यातली राखण.

मला कळलं होतं. अगदी नीट कळलं होतं.

पहिल्या दिवशी बाईसाहेबांचा थाट होता. नाक चोळत म्हणाली, "आई, इथे मुंग्यांची शाळा भरलीय." खाज औषधानं येते, उलट्याही त्यानंच, असं सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दुपारी ती झोपेत कण्हली. जागी झाली की कळ उठेल, म्हणून मी तिच्या मुठीवर मूठ ठेवून बटण दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. तिचं नाक चोळणं थांबलं तेव्हा मला बरंच वाटलं, म्हटलं, निवांत झोपली लेक.

ओठ निळसर दिसले तेव्हा मी श्वास मोजायला लागले. एक. मग कितीतरी वेळ दुसरा आलाच नाही.

सिस्टर धावल्या. ऑक्सिजन लावला, औषधावर उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. ठमी परतली, पण उताऱ्यानं गुंगीबरोबर आरामही पुसून नेला. ती अशी ओरडली की शेजारच्या खाटेवरचं बाळ रडायला लागलं.

डॉक्टरांनी यंत्रावरची नोंद पाहिली आणि तिला हळूच विचारलं, झोपेत बटण कुणी दाबलं? ठमीनं माझ्याकडे पाहिलं.

"मीच," ती म्हणाली.

सात वर्षांची आहे ती. तिनंच दाबूनही श्वास अडला म्हणून डॉक्टर फाइलवर लाल शाईनं लिहू लागले, हे औषध हिला सोसत नाही. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं, बटण मी दाबलं होतं. त्यांनी ओळ खोडली. सिस्टर यंत्र काढून घेताना एवढंच म्हणाल्या, "ताई, आज आता जोराचं औषध देता येणार नाही. आणि तुम्ही जवळ असताना बटण तर नाहीच."

साधं औषध दिलंय. त्यानं काही होत नाही. ठमीची मूठ रिकामीच उघडते, मिटते. मी माझं बोट त्यात दिलं. ती अंगठ्यानं ते दाबते आहे, सारखं सारखं.

"आई," ती म्हणाली, "येत नाहीये गं."