घड्याळजींच्या उजव्या डोळ्यावरचे भिंग

मित्रांनो, मुंगीचे पाय मोजण्यासाठी तुम्ही जे भिंग हाती धरता, त्याच कुळातले मी एक जुने भिंग आहे. मला दांडा मात्र नाही. काळ्या शिंगाची कोरलेली अंगठ्याएवढी वाटी आणि तिच्या तळाशी बसवलेली फुगीर काच, एवढाच माझा देह. भुवई आणि गाल यांच्या चिमटीत मला बसवले की घड्याळजींचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि घड्याळाच्या पोटातले मोहरीएवढे चाक बटणाएवढे दिसू लागते.

एका वृद्ध कारागिराने सहा दिवस घासून माझ्यातला धूसरपणा काढला. दुसऱ्याला दिसावे म्हणून आपण स्वतः दिसेनासे व्हावे, हा माझा कुलधर्म मी तेथेच शिकलो.

प्रथम मी गुरुजींच्या हाती आलो. गुरुजी म्हणजे आमच्या घड्याळजींचे गुरू. त्यांचा एक नेम होता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणात, आतल्या अंगाला, ते सुईच्या टोकाने आपली खूण कोरीत: एक इवलासा मासा आणि त्याखाली साल. पुढे कधी दुसऱ्या कारागिराने ते झाकण उघडले, तर आपल्याआधी येथे कोणाचे हात लागले होते ते त्याला कळावे. आधीच्याच्या खुणेला धक्का लावायचा नाही, आपली खूण तिच्याखाली कोरायची, असा त्यांचा दंडक होता. हात थरथरू लागले तेव्हा गुरुजींनी मला आपल्या बावीस वर्षांच्या शिष्याच्या तळहातावर ठेवले. त्या शिष्याने आपली खूण म्हणून एक पान निवडले.

पुढची चाळीस वर्षे माझ्या वैभवाची होती. वेळेच्या बाबतीत घड्याळजी इतके कडक, की सारा रस्ता त्यांना 'सेकंदकाका' म्हणे. समोरचा शिंपी म्हणायचा, "काका, तुमच्याकडे उशिरा यायची सोयच नाही. भिंतीवरची वीस घड्याळं एकदम डोळे वटारतात!" दूरदूरचे कारागीर आपल्याला न जमलेली घड्याळे आमच्याकडे धाडीत. रोज दुकान बंद करताना घड्याळजी मला मऊ चामड्याने पुसून डबीत निजवीत.

आणि याच सुखाच्या दिवसांत तो चोर घरात शिरला. काचबिंदू त्याचे नाव. तो दुखवीत नाही, खुपवीत नाही. नजरेच्या कडा कुरतडीत तो हळूहळू मध्याकडे सरकतो. घड्याळजींच्या कोपराने कप पडू लागले, खांदा चौकटीवर आपटू लागला. दुकानामागच्या खोलीत त्यांच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, वास्तव्य होते. रुग्णालयात परिचारिका म्हणून त्यांचा जन्म गेलेला. त्या म्हणाल्या, "अरे, दार गेली तीस वर्षं तिथंच आहे. डोळे दाखवून ये एकदा."

"मोहरीएवढं चाक दिसतं मला, अक्का. आणि एवढं मोठं दार दिसत नाही होय?"

मित्रांनो, हे शल्य मी कोणास सांगू? माझ्यातून पाहणाऱ्याला एक लहानसे वर्तुळ दिसते. भोवतीचा काळोख त्याला खटकत नाही, कारण माझ्या वाटीत तो असतोच. नजर आक्रसत गेली आणि माझ्यामुळेच ते घड्याळजींना पाच वर्षे कळले नाही.

मग ते वर्तुळही मळू लागले. तेव्हा त्यांनी दोष मला दिला. "म्हातारं झालं हे भिंग," असे पुटपुटत ते दिवसातून दहादा मला पुसू लागले. माझी काच निर्मळ होती. पण भिंगाला वाचा कुठली?

एके सकाळी एक निवृत्त शिक्षिका आपल्या वडिलांचे घड्याळ घेऊन आल्या. घड्याळजींनी ते सवयीच्या बळावर, बोटांनी चाचपत दुरुस्त केले. ते सुरेख चालू लागले. मग त्यांनी मला डोळ्यावर चढवले आणि झाकणाच्या आत सुई टेकवली. तेथे गुरुजींचा मासा होता! माझ्यातून तो लख्ख पार झाला, पण पलीकडचे डोळ्याचे दार मिटलेले होते. सुई फिरत राहिली. माशाच्या अंगावर पानाच्या शिरा उमटत गेल्या.

आठ दिवसांनी बाई परत आल्या. "काका, घड्याळ छान चालतंय हो. पण आतला मासा कुठं गेला? मी लहान असताना बाबा झाकण उघडून दाखवायचे मला."

घड्याळजींनी झाकण हाती घेतले आणि अंगठ्याचे नख आतून फिरवले. एकदा, दोनदा. नखाला माशावर चढलेले पान सापडले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"मीच खोडला," ते म्हणाले. "माझ्या गुरूंची खूण होती ती, बाई. मला... मला दिसत नाही."

हे शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच बाहेर पडले होते. आतल्या दारात अक्का उभ्या होत्या.

डॉक्टरांनी सांगितले, "गेलेली नजर परत येत नाही. थेंब नेमानं घातले तर उरलेली थोडीफार टिकेल. चार-पाच वर्षं आधी आला असतात तर..."

"ते राहू द्या, डॉक्टर," अक्का म्हणाल्या. "ते वाक्य घरी मी रोज ऐकवणारच आहे."

महिन्याभरात मेज रिकामे झाले. अर्धवट घड्याळे पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराकडे गेली. रस्त्याच्या टोकाला दृष्टिहीनांसाठी एक केंद्र होते. बोटांनी वाचायला आणि काठीने चालायला तेथे शिकवीत. घड्याळजी तेथे जात, पण अक्कांचा दंड धरून. घडीची पांढरी काठी पिशवीच्या तळाशी असे.

"ही हातात घेतली की सगळ्या रस्त्याला कळेल."

"रस्त्याला केव्हाच कळलंय," अक्का म्हणाल्या. "परवा दिव्याच्या खांबाला 'माफ करा' म्हणालास तू." मग त्यांचा स्वर उतरला. "उद्यापासून मी येणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी. माझ्यामागं कुणाचा दंड धरशील, सांग बरं?"

सलग तीन दिवस सकाळी घड्याळजी काठी उलगडून उंबरठ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. परत येऊन ते रिकाम्या मेजाशी बसत, चाचपून मला शोधत आणि डोळ्यावर लावत. पाहण्यासारखे काही नव्हते. माझ्या वाटीत त्यांच्या डोळ्यातले ऊन पाणी साठे. या हातांनी आता काय करायचे, असे ते एकदा हलकेच म्हणाले.

चौथ्या सकाळी त्यांनी मला डोळ्यावरून उतरवले आणि पालथे ठेवले. डबीत नव्हे, तसेच मेजावर. "येतो," म्हणाले. अक्कांना की मला, कोण जाणे. काठीचे सांधे एकामागून एक जुळल्याचा आवाज झाला. समोरच्या शिंप्याचे यंत्र एकाएकी थांबले. काठी पायरीवर टेकली आणि तिथेच राहिली. फार वेळ राहिली, मित्रांनो.

"डावीकडून या, काका," शिंपी म्हणाला. त्याच्या आवाजात आज थट्टा नव्हती. "उजवीकडं नाली उघडी आहे."

काठी खाली उतरली. मग दुसरे पाऊल, तिसरे. तो ठकठक आवाज रस्त्याने दूर जाऊ लागला. आवाज पुरता विरेपर्यंत अक्का दारात होत्या. इतक्या महिन्यांत ज्यांच्या डोळ्यांना पाणी आले नव्हते, त्या आत येऊन भावाच्या स्टुलावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या.

आता माझ्यावर धूळ साचते. मला उचलून पुसा, असे मी तुम्हांला विनवणार नाही. माझे काम झाले, आणि ते मी पुरते निष्कलंक केले असेही नाही. पण तुमच्या घरचे कोणी वारंवार कप पाडू लागले, चौकटीला धडकू लागले, तर हसू नका. त्यांचा हात धरा आणि आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि मित्रांनो, रस्त्यात कोणी पांढरी काठी घेऊन अडखळत चाललेले दिसले, तर आदराने वाट द्या. ते पहिले पाऊल टाकण्यासाठी तो माणूस किती दिवस आपल्याच दारात उभा राहिला असेल, हे तुम्हांला बाहेरून दिसणार नाही.