मोठी फाइल, लहान फाइल

यशयांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली, हेडफोन कानांवर दाबले आणि मागे न बघता म्हणाले, "लाव."

मागे कॉम्प्युटरपाशी त्यांची लेक एंजेला होती. चर्चच्या भजनी मंडळाचं एकच भजन तिच्याकडे दोन फाइलींत होतं: जसं रेकॉर्ड झालं तशी मोठी, आणि मोबाईलवर पाठवायला दाबून केलेली लहान. मंडळाला लहानच द्यावी, फरक कुणालाच ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं मिरजगावात रेकॉर्डिंग करणाऱ्या यशयांचा यावर पारा चढला होता. दहा वेळा ऐकेन, आठ वेळा बरोबर ओळखेन. नाही जमलं तर मशिनीपुढची खुर्ची तुझी, असं ते बोलून बसले होते.

कागदावर लिहिलेल्या क्रमाने एंजेला फाइल लावत गेली. ते "मोठी" किंवा "लहान" एवढंच सांगत गेले, दर वेळी जरा उशिराने.

दहातले पाच बरोबर आले.

"नुसता अंदाज केला असता तरी एवढे आले असते," ते म्हणाले आणि उठले. "आता तू बस. झांज वाजून विरते ना, तिथं कान ठेव. फरक तिथंच हाय."

त्यांनी नवा क्रम लिहून घेतला. पहिल्याच झांजेला एंजेलाची मान ताठ झाली. मग ती भराभर उत्तरं देत गेली.

यशयांनी कागद दोनदा ताडून पाहिला. एकही उत्तर बरोबर नव्हतं.

"बघा पप्पा. मलाबी न्हाई कळत."

"मला कळलं न्हाई, तरी माझे पाच आले," ते शांतपणे म्हणाले. "दहाच्या दहा चुकवायला दहाही वळखावे लागतात, एंजेला."

तिचे डोळे भरून आले. पप्पांचा कान उतरलाय हे त्यांना कळू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण फरक ऐकू येतो हे आपलं म्हणणं खरं निघालं, याचा आनंदही तेवढाच झाला होता. ते खुर्चीमागेच उभे राहिले.

"मग? मंडळाला लहान फाइल द्यायची का, ते आता तू सांग."

एंजेलाने डोळे पुसले, हेडफोन काढले नाहीत.

"झांज तुटतीय तिच्यात," ती म्हणाली. "न्हाई द्यायची."