दुसऱ्याच्या तोंडाचा दाखला

लातूरच्या डॉक्टर राजश्रीबाईंनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं. त्यातल्या एका झडपेवर पेन ठेवून त्या म्हणाल्या, "ही नीट मिटत नाही. रक्त पुढे जायचं ते मागे येतं. म्हणून तुम्हाला दम लागतो. छाती उघडून नवी झडप बसवावी लागेल."

अर्धापूरकडचे केळीचे बागायतदार शेषेराव चौसष्ट वर्षांचे. ते जरासुद्धा घाबरले नाहीत.

"उघडा की. मोटारीचा फुटवाल गेला की पाणी माघारी जातं, तसंच हाय हे. आम्ही दर दोन वर्षाला बदलतो."

डॉक्टरीणबाईंना हा रुग्ण फार आवडला. "मग पंधरा दिवसांनी या. येताना दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तोंडात कुठे संसर्ग नाही, अशी."

शेषेरावांचा चेहरा पहिल्यांदा उतरला तो इथे.

परतीच्या एसटीत त्यांनी बायकोपुढे तोंड सोडलं. "दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला! काळजाचा अन् दाताचा काय संबंध?"

"दाखवून यायला काय जातं?" साखराबाई म्हणाल्या.

"नजर जाती! वरचा दात उपटला की डोळा गेलाच. अन् माझ्या दाताला झालंय काय? बत्तीसच्या बत्तीस हायेत."

ते खरं होतं. ह्या वयातही शेषेराव ऊस दातांनी सोलायचे, तेही चार माणसं बघत असतील अशा जागी बसून. सकाळ-संध्याकाळ ते भाजलेल्या तंबाखूची मिशरी बोटाने हिरड्यांवर घासत. थुंकी लाल पडे, पण त्याचं त्यांना समाधानच वाटे. खराब रक्त आत राहण्यापेक्षा बाहेर गेलेलं बरं, असा त्यांचा हिशोब होता. दहा वर्षं रोज थोडं थोडं खराब रक्त बाहेर जात होतं आणि ते काही संपत नव्हतं, ह्याचं मात्र त्यांना कधी नवल वाटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी धाकट्या भावाला, बजरंगला, बोलावलं.

ह्या घरात दाखले काढायची एक रीत होती. ज्याला वेळ असेल त्याने जायचं, ज्याचं काम असेल त्याचं नाव सांगायचं. शेषेरावांच्या नावाने बजरंग तहसिलीत उभा राही, बजरंगच्या नावाने शेषेराव सोसायटीत सही ठोकत. काम झाल्याशी मतलब.

"बज्या, नांदेडला जा. दाताच्या डाक्टराला माझं नाव सांग अन् चिठ्ठी घेऊन ये."

"हाव दादा," म्हणून बजरंग गेला.

आता बजरंगच्या तोंडात एकही दात नव्हता. गुटख्याने अर्धे गेले, उरलेले पाच वर्षांपूर्वी काढून टाकले. कवळी होती, ती तो लग्नकार्यातच लावायचा. गावात त्याला सगळे बोळक्या म्हणत, आणि त्यात पहिला आवाज शेषेरावांचाच असे. पण दाखला काढायचा म्हणजे नाव बरोबर सांगायचं, एवढंच दोघांना ठाऊक. तोंड कुणाचं, हा विचार दोघांच्याही मनात आला नाही. नांदेडच्या डॉक्टर श्रीनाथांनी तोंड दाखवा म्हटलं, बजरंगने तोंड दाखवलं.

संध्याकाळी तो बंद पाकीट घेऊन आला तेव्हा त्याची मान ताठ होती.

"डाक्टर म्हणाला, हिरड्या लई छान ठेवल्या तुम्ही."

"माझ्याच हायेत त्या," शेषेराव म्हणाले.

ठरलेल्या दिवशी तिघंही लातूरला पोचले. पिशवीत दवाखान्यात राहायचे कपडे, सतरंजी, पातेलं. डॉक्टर राजश्रीबाईंनी पाकीट फोडलं, चिठ्ठी वाचली आणि शेषेरावांकडे पाहिलं. शेषेराव मोकळेपणाने हसले.

"ह्यात लिहिलंय, रुग्णाच्या तोंडात एकही दात नाही. हिरड्या निरोगी. शस्त्रक्रियेला हरकत नाही."

बजरंगने ओठ घट्ट मिटून घेतले.

"तोंड उघडा, शेषेराव."

"कशाला की? लिहून आणलंय ना!"

"उघडा."

त्यांनी उघडलं. बाईंनी टॉर्च लावून शांतपणे एकेक दात मोजला. "बत्तीस. पंधरा दिवसांत बत्तीस दात आले. अशी केस मी पहिल्यांदा बघतेय."

मग त्यांनी पांढऱ्या कापडाचा तुकडा हिरडीवर नुसता टेकवला. तो लाल झाला. तुकडा त्यांनी साखराबाईंपुढे धरला.

"ऑपरेशन आज होणार नाही."

"मायला! दाताच्या पायी?"

"ऐका. हिरडीतून रक्त बाहेर येतं, म्हणजे तिथे वाट उघडी आहे. त्याच वाटेने तोंडातले जंतू आत शिरतात आणि रक्ताबरोबर हृदयात पोचतात. नवी झडप ही त्यांना बसायला आयती जागा. एकदा बसले की औषधांनीही लवकर हटत नाहीत. मग माणूस वाचवणं फार अवघड."

शेषेरावांनी जिभेने हिरडी चाचपली. "म्हणजे माझी जुनी झडप दातांनीच खाल्ली म्हणा की."

"तसं मी म्हणणार नाही. ज्यांच्या हिरड्या खराब असतात त्यांच्यात हृदयाचे आजार जास्त दिसतात, एवढं अभ्यासांतून आढळलंय. हिरडीमुळेच हृदय बिघडतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण नव्या झडपेचं मी सांगते ते नक्की आहे. ह्या तोंडाच्या माणसाला मी ती बसवणार नाही."

"बाई," बजरंग इतक्या वेळाने बोलला, "दाखल्यात पास मी झालो. मग झडप मलाच बसवून टाका."

"बस गप, बोळक्या!" शेषेराव ओरडले, आणि तेवढ्याने त्यांना धाप लागली. खुर्चीच्या हाताला धरून ते वाकले. पुरती पाच मिनिटं ते तसेच धापा टाकत राहिले.

"अन् न्हाईच बसवली तर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आज ओरडल्यावर दम लागला. पुढे बसल्या जागी लागेल. किती दिवस काढाल, ते मला सांगता येणार नाही."

साखराबाई उठल्या आणि पिशवी खांद्याला लावली. "आवं, नजर जाईल म्हणून भिऊन राहिलाव. मेल्यावर काय बघणार हाव? चला, दाताचा डाक्टर कुठं बसतो ते विचारू."

लातुरातच, दोन गल्ल्या सोडून, तो बसत होता. ह्या वेळी शेषेराव स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या तोंडाने आत गेले. चार दात हलत होते, ते काढावे लागले, त्यांत दोन वरचे. हिरड्या तीन खेपांत साफ झाल्या. मिशरी बंद झाली, ती मात्र फार कुरकुरून. महिन्याभराने झडप बसली.

घरी आल्यावर गाव भेटायला लोटलं. शेजारचा दयानंद आला, साखराबाईंनी चहा दिला.

"लई मोठं आपरेशन झालं म्हणे, काका," दयानंद म्हणाला.

"लई मोठं!" शेषेराव उशीला टेकून सरळ बसले. "आधी सुई. मग बधिर. मग अशी पक्कड घातली, मी म्हणलं आता डोळा गेला. चार दात, दयानंद! चार! हिरड्या तर खरवडून काढल्या, तीन दिवस. मधी एक दिवस छाती उघडली, झडप बदलली. पण हिरड्यांचं सांगतो..."

अर्धा तास त्यांनी हिरड्यांचं सांगितलं. वाट कशी उघडी असते, जंतू कसे आत शिरतात, कुठे जाऊन बसतात, सगळं. मग एकदम पुढे झुकून विचारलं, "थुंकताना रक्त येतं का रे तुझ्या?"

दयानंदचा चहा केव्हाच संपला होता. पण कप त्याने तोंडापुढून खाली घेतला नाही.