मेहुण्याची फायनल

गोल झाला तेव्हा हेदी शाबूनी खुर्चीवरून असा उसळला की कोटाला लावलेला माईक निखळून टेबलाखाली गेला. शेजारी बसलेल्या कमालनं, एके काळच्या ट्युनिशियाच्या गोलकीपरनं, त्याला कवेत घेऊन उचललंच. समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर ट्युनिशियाची पोरं कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. आफ्रिकेच्या चषकाचा उपांत्य सामना, समोर माली, शेवटची दोन मिनिटं. हेदीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बघा, बघा!" सूत्रसंचालक शिहाब कॅमेऱ्याकडे वळून ओरडला. "हा माणूस वीस वर्षं रेफ्री होता. रेफ्रीला काळीज नसतं म्हणता ना? हे घ्या काळीज!"

काळीज होतं. त्यात काय साठलं होतं ते शिहाबला ठाऊक नव्हतं.

हेदीच्या बायकोचा धाकटा भाऊ ताहर कम्मून याच स्पर्धेत रेफ्री म्हणून गेला होता. त्यानं सामने असे काढले होते की फायनलची शिट्टी त्याच्याच तोंडात जाणार, हे खुद्द मालीचे पेपरही लिहीत होते. आडवी येत होती एकच गोष्ट. ज्याचा देश फायनलला, त्या देशाच्या रेफ्रीनं गुपचूप बॅग भरायची. ट्युनिशिया जिंकला की ताहर घरी. ट्युनिशिया हरला की ताहरला फायनल. सगळा देश झेंड्यासाठी रडत होता, आणि हेदी रडत होता तो मेहुण्याची बॅग भरली गेली या आनंदानं.

ताहरला शिट्टी हेदीनंच दिली होती. स्फाक्स शहरातल्या खडीच्या मैदानांवर, जिथं पडलं की गुडघ्यातून दगड काढावे लागत, तिथं त्यानं त्याला हाताला धरून उभं केलं. ज्या वर्षी हेदीचं नाव आंतरराष्ट्रीय यादीत जायचं होतं त्या वर्षी धावण्याच्या परीक्षेत त्याचा गुडघा गेला. पुढल्या वर्षी यादीत ताहर गेला. लोक हेदीचं अभिनंदन करायला आले. यादीतलं नाव घरातच राहिलं, म्हणाले. तेव्हापासून ताहर देशोदेशी शिट्टी वाजवत फिरत होता आणि हेदी टक्कलाला पावडर थापून दर रविवारी दुसऱ्यांनी कुठं माती खाल्ली ते सांगत होता. असल्या कामाला टीव्हीवाले तज्ज्ञ म्हणतात.

पडद्यावर रेफ्रीनं कानाला हात लावला. व्हिडिओ तपासत होते.

गोल पुन्हा दाखवला, मग पुन्हा, मग सावकाश. हेदीनं पहिल्याच वेळी पाहिलं. चेंडू आधी गोल मारणाऱ्या पोराच्याच मनगटाला घासून खाली पडला होता. पोराचा दोष नव्हता, हात अंगालाच होता. पण गोल मारणाऱ्याच्या हाताला लागून चेंडू लगेच जाळीत गेला की गोल नाही. मुद्दाम लावला की चुकून लागला, हा प्रश्नच तिथं येत नाही. शेंबड्या रेफ्रीलाही हे पाठ असतं.

रेफ्रीनं गोल रद्द केला. पोरं त्याच्या अंगावर धावली. त्या गोंधळातच मालीनं झटपट फ्री किक घेऊन दुसऱ्या टोकाला गोल टाकला आणि सामना संपला.

कमालनं टेबलावर डोकं ठेवलं. शिहाबनं हेदीकडे पाहिलं. त्याच्यामागून कॅमेराही वळला.

"हेदीभाऊ, तुम्ही सांगा. गोल होता का?"

हेदीनं पाण्याचा घोट घेतला. गोल नव्हता म्हणावं, तर सगळं इथंच संपत होतं. देश चार शिव्या देऊन झोपणार आणि ताहर फायनलला बूट पुसायला बसणार. होता म्हणावं, तर फेडरेशन तक्रार करणार. आणि ज्या देशाची तक्रार टेबलावर पडलीय त्याच देशाच्या माणसाला फायनल देईल एवढी मूर्ख समिती जगात कुठं नाही. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"हात अंगाला चिकटलेला आहे," तो म्हणाला. "पोरानं मुद्दाम काही केलेलं नाही. गोल शंभर टक्के होता. ही चोरी आहे."

कमालनं डोकं वर काढलं आणि हेदीच्या कपाळाचा मुका घेतला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सलवा खजुरातल्या बिया काढत बसली होती. भाऊ परत आला की त्याला मकरूद, खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या, लागत.

"रडलास म्हणे," ती मान वर न करता म्हणाली.

"तू नाही बघितलंस?"

"बघितलं की. गोल झाला तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, रद्द झाला तेव्हा बाहेर आले. शेजारची लतीफा ऊर बडवत होती. तिच्या तोंडादेखत मीही दोन थापा मारून घेतल्या. पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला."

"लाज वाटू दे जरा. देश हरलाय."

"देशाला दोन वर्षांनी परत मिळेल. ताहरला नाही मिळणार. पुढच्या खेपेला तो वयात बसत नाही." तिनं एक खजूर उलगडला. "हाताला लागला होता ना?"

"मुद्दाम नव्हता."

"मुद्दाम! नियम बदलला तेव्हा ताहरकडून ह्याच टेबलावर घोकून कुणी घेतलं? एकदा तो मुद्दाम म्हणाला तर त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं होतंस. मला पाठ झालाय तो नियम, कांदा चिरता चिरता."

"टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून तू बसतेस की मी?"

"तूच," सलवा म्हणाली. "म्हणून तर विचारतेय."

हेदी हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाच्या कॅफेत त्याला उभं राहायलाही जागा मिळेना. हुक्क्याच्या नळ्या बाजूला सारून लोक उठून हात मिळवत होते. त्याचं 'ही चोरी आहे' पोरांनी गाण्याच्या ठेक्यावर बसवलं होतं. न्हावी म्हणाला, "हेदीभाऊ, पहिल्यांदा एक रेफ्री खरं बोलताना बघितला." हेदीनं छातीवर हात ठेवून मान झुकवली.

तिथंच फेडरेशनच्या अध्यक्षाचा फोन आला.

"निकाल काही बदलायचा नाही हो," अध्यक्ष म्हणाला. "उगाच हसं होईल. सोडून द्यावं म्हणतो."

"सोडून?" हेदी उभा राहिला. कॅफे कान देऊन ऐकत होता. "साहेब, लोक रस्त्यावर आहेत. निकाल न बदलो, पण आपण गप्प बसलो नाही हे तरी दिसू दे. आजच्या आज पाठवा. माझे शब्द घाला त्यात."

टाळ्या पडल्या. तक्रार दुपारी गेली.

फायनलचा रेफ्री जाहीर झाला तेव्हा हेदी आणि सलवा जेवायला बसले होते. ताहर नव्हता. सलवानं टीव्ही बंद केला आणि आपलं ताट आत नेऊन ठेवलं. हेदीनं स्वतःच्या हातानं कुसकुस पुन्हा वाढून घेतलं, वर मटणाचा मोठा तुकडा घेतला. कित्येक वर्षांत त्याला इतकी भूक लागली नव्हती.

ती भूक संध्याकाळपर्यंतच टिकली.

"आधी आपला गोल चोरला!" शिहाब पडद्यावरून गरजत होता. "त्यानं पोट भरलं नाही, मग आपला रेफ्री चोरला!" त्याच्या मागं भिंतभर ताहरचा फोटो होता, तोंडात शिट्टी, हात वर. रात्रीतून तो फोटो दुकानांच्या दारांवर आला, टॅक्सींच्या मागच्या काचांवर आला. स्फाक्सच्या पोरांनी त्याच्यावर गाणं रचलं. ज्या देशात रेफ्रीच्या आईला मेल्यावरही कुणी स्वस्थ पडू दिलं नव्हतं, त्या देशातल्या म्हाताऱ्या बायका ताहर कम्मूनच्या आईसाठी दुवा मागू लागल्या.

हेदी हे सगळं बघत होता. समोरचं ताट त्यानं बाजूला सारलं. फायनल मिळाली असती तर काय झालं असतं? अर्ध्या खंडानं ताहरला शिव्या घातल्या असत्या आणि आठवड्यात विसरले असते. रेफ्रीचं आयुष्य तेवढंच. वीस वर्षांत हेदीला कुणी फूल दिलं नव्हतं. गाडीच्या काचा मात्र फोडल्या होत्या. आणि आता हा माणूस शिट्टी न वाजवता हुतात्मा झाला होता. त्याला तसा करणारा हेदीच.

शिहाबचा फोन आला. "उद्या दुपारी ताहर उतरतोय. आपण विमानतळावरून थेट दाखवणार. तुम्ही तर घरचेच! पहिली मिठी तुमची, हेदीभाऊ."

विमानतळावर ढोल होते, झेंडे होते, गाणं होतं. कमाल खांद्यावर झेंडा टाकून सगळ्यांच्या पुढं होता. सलवा खांबाला टेकून उभी होती. ती हेदीच्या गाडीतून आली नव्हती.

ताहर बाहेर आला तो चुकून दुसऱ्याच संघाच्या खोलीत शिरल्यासारखा. करडा सूट, खांद्याला बॅग, डोळ्यांखाली काळं. गर्दीनं त्याचं नाव घेतलं तसा तो मागं वळून बघू लागला, कुणी मोठा माणूस येतोय की काय म्हणून. हेदीनं पुढं होऊन त्याला मिठी मारली. कॅमेरा जवळ आला.

"दाजी, हे काय चाललंय?" ताहर कानाशी पुटपुटला.

"तुझ्यासाठी आलेत."

"मी काय केलं?"

"काही नाही," हेदी म्हणाला. "म्हणूनच आलेत."

शिहाबनं दोघांच्या मध्ये माईक घातला. "ताहरभाऊ, देश ऐकतोय! तुमच्यावर अन्याय झाला ते आम्ही बघून घेऊ. तुम्ही एवढंच सांगा. आपला गोल होता की नव्हता?"

ढोल थांबले. ताहरनं बॅग खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. हेदीचा हात अजून त्याच्या पाठीवर होता. कोटाखालून त्याला ताहरचा श्वास जाणवत होता. म्हण 'होता', हेदी मनात म्हणाला. एक शब्द आहे. म्हण आणि बस ह्यांच्या डोक्यावर. म्हण, आणि हो माझ्यासारखा. गेल्या आठवडाभरात त्यानं एवढ्या मनापासून काही मागितलं नव्हतं.

"नव्हता," ताहर म्हणाला.

शिहाब हसला. त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"चेंडू गोल मारणाऱ्याच्या हाताला लागला," ताहर पुढं म्हणाला. नियम सांगताना रेफ्री बोलतो तसा, सपाट आवाजात. "मग गोल होत नाही. मी असतो तर मीही दिला नसता. त्या रेफ्रीला शिव्या देताय ते बंद करा. त्याला घरी पोरंबाळं आहेत."

"पण... हेदीसाहेब तर म्हणाले..."

ताहरनं हेदीकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"दाजींच्या समोरचा पडदा लहान असेल," तो म्हणाला.

पहिली शिट्टी मागून आली. मग सगळीकडून आल्या.

"विकला गेला!"

"फायनल गेली तरी त्यांचंच मीठ खातोय!"

"आईचं दूध आटलं काय रे तुझ्या?"

स्फाक्सच्या पोरांनी गाण्याची चाल तीच ठेवून शब्द बदलले. त्याला वेळ लागला नाही. कमालनं थुंकल्यासारखं केलं, वळला आणि हेदीच्या मांड्यांना मिठी घालून त्यालाच खांद्यावर घेतला. "हा आपला माणूस! हा एकटा खरं बोलला!" ढोल पुन्हा सुरू झाले. कुणीतरी हेदीच्या गळ्यात झेंडा टाकला.

इतक्या उंचीवरून हेदीला सगळं दिसत होतं. पाण्याची अर्धी बाटली ताहरच्या पायाशी येऊन आपटली. तो वाकला, बाटली उचलली, मैदानावर पडलेली वस्तू बाहेर काढावी तशी बाजूच्या पोलिसाच्या हातात दिली. मग बॅग उचलून चालू लागला. शिट्ट्यांच्या मधून, कुठंही घाई न करता. सलवा खांबापासून निघाली आणि तिनं बॅगेचा दुसरा पट्टा धरला. ती काही बोलली. ताहर हसला.

हसला.

"हेदीभाऊ, इकडे! हात करा, हात!" शिहाब खालून ओरडत होता.

हेदीनं हात केला. काचेचं दार उघडलं आणि मिटलं.

"उतरव रे मला," तो कमालला म्हणाला.

ढोलांत कमालला ऐकू गेलं नाही. त्यानं त्याला आणखी वर उचललं.