आपद्ग्रस्त हवा आहे

हिल्काला अख्ख्या गावाचा राग आला होता. आणि राग तरी कशाचा, तर गावात एकालाही म्हणून कसली अडचण नव्हती!

झालं होतं असं. मुलांअभावी आमच्या फिनलंडमधल्या पिहलायावारा गावाची शाळा बंद पडली आणि नगरपालिका इमारत विकायला निघाली. हिल्कानं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलं होतं, दर गुरुवारी मुलांना वाटाण्याचं सूप वाढलं होतं. ती काय गप्प बसते? गावमंडळाची अध्यक्ष झाली, दहा ठिकाणी फोन केले आणि सरकारचं एक अनुदान हुडकून काढलं. हिवाळी वादळात वीज गेली तर गावकऱ्यांना ऊब, पाणी आणि गरम जेवण मिळेल अशी एक जागा प्रत्येक गावात असावी, त्यासाठी होतं ते. ती जागा शाळेतच केली तर इमारत विकावी लागणार नव्हती. अर्ध्या अनुदानातून जनरेटर आला, मोठी शेगडी आली. उरलेल्या अर्ध्यातून शाळेचं छप्पर व्हायचं होतं, पण त्याआधी सरकारी बाईंसमोर सराव करून दाखवायचा होता. वीज बंद करायची, आपद्ग्रस्त यायचे, गावानं त्यांना सांभाळायचं. सराव झाला नाही तर अनुदान नाही, आणि अनुदान नाही तर शाळा विकायला.

आणि सगळं अडलं होतं ते एका आपद्ग्रस्तावाचून.

हिल्का आधी रेइमाकडे गेली. तो अंगणातला बर्फ काढत होता.

"आपद्ग्रस्त? मी?" रेइमानं फावडं रोवलं. "अगं, माझ्या तळघरात अजून गेल्या वर्षीचे बटाटे आहेत. मी आपला शेगडी पेटवीन."

"शेगडी पेटवायला सात जण आहेत, रेइमा!"

"मग मी आठवा."

मग ती इर्मेलीकडे गेली. त्या बाईनं दार उघडल्या उघडल्या सांगून टाकलं, "कॉफीचं माझ्याकडे."

"आणि ती पिणार कोण?"

"ते तू बघ. अध्यक्ष तू आहेस."

तळ्यापलीकडे ऑस्मो राहायचा. एक्याऐंशीचा, एकटा, जन्मभर जंगलात लाकडं तोडलेला. तो कानटोपी आणि कोट घालून दारातच उभा राहिला.

"कुठे निघालास का?"

"नाही."

घरात ये म्हणाला नाही, कॉफी विचारली नाही. पिहलायावारात वैऱ्यालासुद्धा कॉफी विचारतात! हिल्काला ते चांगलंच झोंबलं.

"आजवर कुणाकडे मीठ मागितलं नाही मी," ऑस्मो म्हणाला. "आता सरकारला दाखवायला हात पसरू? हवं तर सरपण आणून टाकतो शनिवारी."

"आण बाबा, सरपण आण. सगळे मिळून मलाच जाळा त्यात," असं म्हणत हिल्का तळ्यावरच्या बर्फातून तणतणत परत आली.

शनिवारी सकाळी जिल्ह्याच्या कचेरीतून पिन्या नावाची तरुण अधिकारी आली. वीज बंद झाली. बाहेर पापण्या गोठवणारी थंडी, आत शेगडी रसरसलेली, सूप उकळत होतं. बाकांवर घोंगड्या घातल्या होत्या. गाव तर लोटलं होतं, आणि एकूण एक माणूस स्वयंसेवकाचं पिवळं जाकीट घालून! ज्यांना जाकीट मिळालं नाही त्यांनी घरचं आणलं होतं. बाकं मात्र रिकामी.

"हं, आपद्ग्रस्तांना घेऊन या आता," पिन्या म्हणाली.

कुणी हललं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. गप्प बसण्यात आमचा हात कुणी धरणार नाही, पण त्या दिवशी आम्ही कमालच केली. शाळेच्या फाटकावर 'विकणे आहे' अशी पाटी लागलेली तिला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"कुणी यायचं राहिलंय का?" पिन्यानं बिचारीनं वाट काढायला विचारलं.

ऑस्मो राहिला होता. सरपणही आलं नव्हतं. शब्दाचा पक्का माणूस! हिल्का खिडकीशी गेली. तळ्यापलीकडे धूर दिसत होता, पण घराच्या धुराड्यातून नव्हे, अंगणातल्या सॉनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातून. आमच्याकडे सॉना म्हणजे शनिवारी संध्याकाळचा. सकाळी सकाळी तो कोण तापवतो?

"आजच कशाला?" इर्मेली मागून म्हणाली. "गुरुवारीही तापवला होता. मंगळवारीही."

"आणि तू बोलली नाहीस?"

"त्याचा सॉना. मी कोण बोलणार?"

हिल्कानं कपाळावर हात मारला. रेइमानं तोवर बर्फावरून धावणारी मोटारसायकल काढली होती. हिल्का मागे बसली आणि दोघं तळं ओलांडून गेली.

ऑस्मो सॉनाच्या पुढच्या खोलीत होता. कपडे बदलायच्या बाकावर गादी, खिडकीत रेडिओ, खुंटीवर सगळे कपडे. म्हणजे संसारच हलवला होता पठ्ठ्यानं. घराच्या धुराड्याला तडा गेला होता आणि धुराडी साफ करणाऱ्यानं घरातली चूल पेटवायची नाही म्हणून बजावलं होतं. मग नळ गोठले.

"कधीपासून हे?"

"झाले थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"नाताळपासून," ऑस्मो भिंतीला म्हणाला. जानेवारी संपत आला होता.

"अरे, सांगायला तोंड नव्हतं का तुला!"

"तुम्हाला तुमची कामं असतात."

हिल्काला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि रडूही आलं. कॉफी विचारली नाही म्हणून आठवडाभर फुगून बसलेली ती! आत ये म्हणायला या माणसाकडे घर कुठे होतं? तिला स्वतःची लाज वाटली. पण 'चल, आम्ही तुला मदत करतो' म्हटलं असतं तर ऑस्मोनं आतून कडी लावली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ऑस्मो, माझं काम अडलंय रे," ती म्हणाली. "सरकारची बाई येऊन बसलीय आणि मला एक आपद्ग्रस्त मिळेना. तेवढं सोंग घेतोस?"

ऑस्मोनं विचार केला. "म्हणजे मदत मी तुला करायची."

"तूच मला करायची."

"मग येतो."

शाळेत त्याला शेगडीजवळ बसवलं. घोंगड्या पांघरवायला आठ जण धावले, त्यात म्हातारा पार दिसेनासा झाला. सूप आलं. पिन्या त्याच्या समोर बसली. "तुमच्या घरी काय अडचण झालीय असं समजायचं?"

ऑस्मोनं चमचा खाली ठेवला. शिकवलेलं उत्तर होतं, वीज गेली म्हणून सांगायचं. हिल्का ओठ हलवून त्याला आठवण करून देत होती.

"समजायचं काही नाही," तो म्हणाला. "धुराडं फुटलंय. नळ गोठलेत. घरात राहता येत नाही." मग घोंगडीतून मान वर काढून, "आणि कुणाला सांगावं ते मला कळेना."

मग रेइमा छताकडे बघत म्हणाला, "मला संध्याकाळनंतर दिसत नाही नीट. गाडी काढायची भीती वाटते."

"मग मला सांगायचंस! मी जातेच की दुकानात," इर्मेली खेकसली, आणि धपकन बाकावर बसली. "माझ्याच्यानं छपरावरचा बर्फ निघत नाही हल्ली. आज ना उद्या डोक्यावर येणार तो."

"छपराचं माझ्याकडे," कुणीतरी म्हणालं. एकानं धुराडं बांधणाऱ्या भाच्याला तिथूनच फोन लावला. बघता बघता सगळे एकदम बोलायला लागले. पिहलायावारात इतकं बोलणं मी त्याआधी कुणाच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

"नियमाला एक आपद्ग्रस्त पुरला असता," पिन्या हसत म्हणाली. "इथं बाकं कमी पडायला लागली. सराव झाला, हिल्का. शाळेच्या छपराचे पैसे मिळतील." मग तिनं सहज विचारलं, "आणि तुमची अडचण?"

"माझी? मी अध्यक्ष आहे."

सगळे खो खो हसले. "अध्यक्षांना थंडी वाजत नाही वाटतं," ऑस्मो म्हणाला.

हिल्का त्याला चांगलं खरमरीत सुनावणार होती. हातातली पळी उगारलीही होती तिनं. पण तोंडातून भलतंच आलं.

"शाळा बंद झाली तेव्हापासून मला एकटीसाठी रांधवत नाही," ती म्हणाली. "सूप तर केलंच नाही मी, आज पहिल्यांदा केलं. घरी उभ्या उभ्या पाव खाते, तेच माझं जेवण."

कुणी हसलं नाही. ऑस्मो घोंगडी सावरत बाकावर सरकला आणि शेजारी जागा करून दिली.

"पळी ठेव ती," तो म्हणाला. "बस इथं. तुला मी वाढतो."