डोळ्यांचा हक्क

आमच्या गल्लीतली गुलीझार दार न वाजवताच आत आली आणि तिने कोचावर अंग टाकलं. "बाई, पुन्हा वाढलंय," ती म्हणाली. तिच्या मुलीच्या, फेरिदेच्या, रक्ताचा अहवाल आला होता.

फेरिदे सहा वर्षांची. मांस, अंडी, दही यांत फेनिलअलानिन नावाचा एक घटक असतो. तो तिच्या शरीराला वापरता येत नाही. मग तो साचतो आणि मेंदूला इजा करतो. आईबाप दोघंही धडधाकट, पण चुलत भावंडं; दोघांकडून एकच दोष लेकीकडे आला. येत्या शरदात पोरगी शाळेत जायची होती. रक्तातलं प्रमाण असंच चढत राहिलं तर शिकलेलं डोक्यात टिकणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

"त्या म्हणतात, पोरगी कुठून तरी खातेय. नवरा म्हणतो, तुझंच लक्ष नाही. मी बटाटासुद्धा तोलून देते, बाई! आणखी किती डोळे आणू?"

मी चहा ओतला. तिने तो गार होऊ दिला.

दुपारी आम्ही शेजारच्या मकबूले मावशींकडे मांती, म्हणजे खिमा भरलेल्या कणकेच्या इवल्या पुरचुंड्या, वळायला जमलो. तुर्कस्तानातल्या आमच्या कायसेरी शहरात एकटीने मांती कुणी करत नाही. फेरिदे माझ्याशेजारी बसून कणकेच्या इवल्या चौकोनांवर खिमा ठेवत होती. निवृत्त झाले तरी मुलांना शिकवायची माझी सवय सुटलेली नाही.

"हा खिमा म्हणजे मण्यांची माळ समज," मी म्हटलं. "पोटात ती तुटते, मणी सुटे होतात. त्यातले काही रंगवून दुसऱ्या रंगाचे करावे लागतात. तुझ्या अंगात तो रंगारीच नाही."

"मग ते मणी?"

"साचतात. डोक्यात गर्दी करतात."

तिचे हात थांबले. "मावशी देतात ते पण?"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"एवढुसा तुकडा गं!" मकबूले मावशी लाल झाल्या. "पोर दारात उभी राहून बघते. जिने पाहिलं तिच्या डोळ्यांचा हक्क असतो. बघणाऱ्याला घास न देता मी आजवर जेवले नाही. आता म्हातारपणी पाप घेऊ?"

"रोज?" गुलीझारने विचारलं.

"रोज बघते ना ती!"

मला वाटलं, आता परात उलटेल. गुलीझार नुसती भिंतीला टेकली. "भांडले असते, मावशी. अंगात जीव नाही." तिने पिशवीतून लेकीसाठीचं, प्रथिनं काढून टाकलेलं खास पांढरं पीठ काढून पुढे सरकवलं. "हक्क द्यायचाय ना? मग हे वळून द्या."

मावशींचा हात अख्ख्या गल्लीत चपळ. पण त्या पिठाला चिकटपणाच नव्हता. पहिली मांती फुटली. दुसरी फुटली.

"हे पीठ आहे का राख?"

"आई रोज हेच करते," फेरिदे म्हणाली. "ओढू नका, मावशी. थोपटा."

मावशींनी बांगड्या वर सारल्या आणि थोपटायला घेतलं. बटाटा भरलेली एक कशीबशी उभी राहिली. त्यांनी गुलीझारकडे पाहिलं. ती बसल्या जागी झोपली होती.

मावशींनी खिम्याची परात फडक्याने झाकली.

"आधी पोरीचं शिजेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही थांबा सगळ्या."

भूक सगळ्यांनाच लागली होती. पण कुणी उठलं नाही.